बावन्नातले सतरा

जमुनाबाई मारबतेने शाळा सातवीत सोडली, असं ती स्वतः सांगते. तिची नणंद सांगते, चौथीत. खरं काय ते शाळेच्या रजिस्टरात होतं. पण ते रजिस्टर वाळवीने आधीच वाचून संपवलं, तेव्हा सातवी धरून चालायला हरकत नाही. वय अठ्ठेचाळीस. जात ढीवर, गाव आंधळगाव, धंदा मासे. नवरा धनीराम पहाटे तलावात जाळं टाकतो आणि ती टोपली घेऊन मोहाडीच्या बाजारात बसते. गिऱ्हाईक 'ताजा आहे का' म्हणून किरकिर करायला लागलं की ती मासा उचलून त्याच्या नाकाशी नेते आणि म्हणते, "घे, यालेच विचार." आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

अशा बाईने विद्यापीठाचा कोर्स केला. केला तो केला, पण ज्या तऱ्हेने केला, ती गोष्ट गावातल्या पानठेल्यावर अजून शिळी व्हायला तयार नाही.

सुरुवात बोडीपासून झाली. मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एक छोटं तळं आहे, त्याला बोडी म्हणतात. मच्छीमार संस्थेच्या ताब्यातली ही बोडी कित्येक वर्षं बेशरमाच्या झाडांनी वेढून नुसती पडून होती. जमुनाबाई आणि तिच्या तिघी सोबतिणी, बायजाबाई, पार्वताबाई आणि ललिताबाई, यांच्या मनात होतं की ती आपल्याला मिळावी. तिच्यात मासळीचं बारीक बीज सोडावं, बोटभर करावं आणि मोठ्या तलावाला द्यावं, म्हणजे दरवर्षी बाहेरून गाडीत हिंदकळत येणाऱ्या अर्धमेल्या बीजावर विसंबायला नको. दुसरंही एक कारण होतं, पण ते चौघी मोठ्याने बोलत नसत. संस्थेत पाणी पुरुषांचं आणि टोपली बायकांची. बोडी मिळाली असती तर पाण्यावर पहिल्यांदा बायकांचं नाव लागणार होतं.

संस्थेचा अध्यक्ष खेमराज. माणूस वाईट नाही; फक्त कोणाला तोंडावर नाही म्हणायची त्याला लाज वाटते, म्हणून तो नियम काढतो. मागच्या आमसभेत त्याने ठराव मांडला की बोडी त्याच सभासदाला, ज्याच्यापाशी मत्स्यशेती शिकल्याचं सर्टिफिकेट असेल. चहा आला, हात वर झाले, ठराव पास. त्याचा पुतण्या अनुप भंडाऱ्याला जाऊन तसलं काही प्रशिक्षण घेणार होता, हे त्या वेळी फक्त खेमराजला ठाऊक होतं. म्हणजे खेमराजला आणि त्याच्या बायकोला. म्हणजे सगळ्या गावाला.

"कागद आणा वहिनी, अन् बोडी घेऊन जा," खेमराज जमुनाबाईला म्हणाला. "मी कुठी नाई म्हणतो?"

जमुनाबाई कागद शोधायला प्रेरणाकडे गेली. प्रेरणा बौद्ध वस्तीतली. दिवसा मोहाडीला नोकरी करायची आणि संध्याकाळी विहारातली अभ्यासिका सांभाळायची. गावात नेट धड चालायचं ते तिथेच, म्हणून सगळ्या जातींची पोरं तिथे अभ्यासाला बसत. काही अभ्यासही करत. प्रेरणाच्या आईकडे मासा जमुनाबाईकडूनच जायचा, त्यामुळे ओळख जुनी.

प्रेरणाने शोधून काढलं. दूरच्या एका विद्यापीठाचा कोर्स, गोड्या पाण्यातली मत्स्यशेती, हिंदीतून, आठ आठवडे, जुलैपासून. दर आठवड्याला व्हिडिओ आणि त्यावर दहा प्रश्न. शेवटी मोठी परीक्षा.

"पैसे किती?" जमुनाबाईने विचारलं.

"एक रुपया नाही, मावशी. फुकट आहे."

ही बातमी घेऊन ती पाळीवर आली, तर बायजाबाईने नाक मुरडलं. बायजाबाईचा स्वभाव असा, की देवाने वरदान दिलं तरी ती त्याची एक्सपायरी पाहील.

"फुकट देऊन राह्यले म्हंजे मांगून काही तरी काढून घेतीन. रक्त-बिक्त."

"तुयं रक्त नाई घेत व कोनी," पार्वताबाई म्हणाली. "ज्याले चढवतीन, तो भांडाले उठीन."

खरी अडचण निराळीच होती. जुलै म्हणजे रोवणी. सगळ्या बायका दिवसभर वाकून धानात, आणि संध्याकाळी कंबर जागेवर आहे का ते हाताने चाचपून घरी. आठ आठवडे रोज व्हिडिओ कोण बघणार? शिवाय चालता मोबाईल चौघींत एक, जमुनाबाईचा. बाकीच्या घरचे मोबाईल नवऱ्यांच्या खिशात, आणि नवऱ्याच्या खिशातली वस्तू अभ्यासाला मागायची म्हणजे दुसऱ्या दिवशी गावभर 'आमची बायको मास्तरीण होऊन राह्यली' ऐकायचं.

तेव्हा जमुनाबाईला जे सुचलं, ते ढिवराच्या घरात जन्मलेल्या माणसालाच सुचावं. मोठं जाळं कधी एकटा ओढतो का? कोणी काठाला, कोणी कमरेभर पाण्यात, कोणी पलीकडून पाणी बडवणारा. मासळी वर आली की सगळ्यांचे सारखे वाटे. मग कोर्सलाच काय सोनं लागलंय?

"आठ हप्ते, आपण चौघी," ती म्हणाली. "एकीले दोन-दोन. ज्या हप्त्यात जिचा वाटा, तिनंच विहारात जाऊन बसाचं. बाकीच्यायनं रोवणी कराची."

वाटे पडले. पाणी आणि चुना बायजाबाईला, बीज जमुनाबाईला, खाद्य पार्वताबाईला. ललिताबाई त्या दिवशी माहेरी गेली होती. हजर नसलेल्याच्या वाट्याला काटेच येतात, तसे तिच्या वाट्याला रोग आले. नाव मात्र सगळीकडे एकच, जमुनाबाई धनीराम मारबते. मोबाईल तिचा होता ना.

पहिला आठवडा संपला आणि जमुनाबाईला दहापैकी नऊ गुण मिळाले. खरं तर बायजाबाईला मिळाले, पण विद्यापीठाला बायजाबाई माहीत नव्हती. विद्यापीठाला फक्त एवढंच दिसत होतं की महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली एक बाई आहे आणि तिचा स्वभाव दर पंधरा दिवसांनी बदलतो. कोर्समध्ये चर्चेसाठी एक पान होतं, तिथे देशभरातले शिकणारे एकमेकांना प्रश्न विचारत. जुलैच्या सुरुवातीला तिथली जमुनाबाई प्रत्येकाशी भांडत होती. सरांनी रोहू, कतला आणि मृगळ एवढ्याच माशांची नावं घेतली, मरळ आणि दाडक काय मेले होते का, असा तिचा सवाल होता. जुलैच्या शेवटाला ती एकदम सौम्य झाली. ऑगस्टमध्ये तिला वाचा फुटली. बंगालकडच्या कोणी लिहिलं, माझ्या तळ्यातले मासे खात नाहीत, काय करावं. पार्वताबाईने मोबाईलमध्ये बोलून उत्तर टाकलं की आधी तळ्याच्या मालकिणीला विचार, ती बरोबर खाते का. घरात भांडण असलं की पोरं जेवत नाहीत, मासे कुठून जेवतील. आणि मग कोंडा आणि ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, किती आणि कोणत्या वेळेला, ते सगळं अगदी बरोबर सांगितलं. सरांनी खाली लिहिलं, 'जमुनाबाई जी का उत्तर अनुभव से भरा है।' पार्वताबाईने ते वाक्य पाच जणींकडून पाच वेळा वाचून घेतलं.

गावात बातमी पसरली की जमुनाबाई दिल्लीपर्यंत हुशार निघाली. धनीराम पानठेल्यावर थोडा सरळ बसायला लागला. खेमराजने पुतण्याला विचारलं, "तुयं प्रशिक्षण कुठपर्यंत आलं रे?" अनुप म्हणाला, "फॉर्म भरून राह्यलो, काका." तो सहा महिन्यांपासून फॉर्म भरत होता. एवढ्यात माणूस जनगणना करून परत येतो.

आठवा आठवडा संपला आणि मोठ्या परीक्षेची सूचना आली. प्रेरणाने वाचून दाखवली. नऊ दिवसांनी, रविवारी सकाळी दहाला. दीड तास, पंचाहत्तर प्रश्न. मोबाईलचा कॅमेरा चालू राहील. समोर एकच चेहरा दिसला पाहिजे, तोही ओळखपत्रावरचाच.

"एकच कसा?" जमुनाबाई म्हणाली. "आम्ही चौघी हावो ना."

प्रेरणाने मोबाईल खाली ठेवला. आठ आठवडे तिला वाटत होतं की जी बाई विहारात येऊन अभ्यास करते, ती घरी गेल्यावर बाकीच्यांना तो शिकवत असेल. वाट्यांचा हिशेब तिला पहिल्यांदा कळला.

"मावशी! पण कोर्स फुकट होता ना. चौघींनी चार नावं टाकली असती तर कोणी अडवलं असतं?"

"फुकट हाये म्हणून चारदा घ्याचं? तलावाचं पाणीबी फुकट हाये बेटा, म्हणून काय आम्ही चार जाळे टाकतो?"

प्रेरणाने दर आठवड्याच्या प्रश्नांखाली असलेली एक ओळ दाखवली. तिथे एक चौकोन होता आणि प्रत्येक वेळी त्यात बरोबरची खूण केलेली होती. ओळीत लिहिलं होतं, सगळी उत्तरं मी स्वतः दिली आहेत.

"हे आम्ही वाचलं नाई," जमुनाबाई हळूच म्हणाली. "दाबल्याशिवाय पुढे जातच नव्हतं."

पाठोपाठ तिच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. परीक्षेला बसायचं तिला आणि येतं फक्त बीज. पाणी बायजाच्या डोक्यात, खाद्य पार्वताच्या आणि रोग ललिताच्या. कागद आला नाही तर बोडी अनुपची, आणि चौघी परत टोपलीखाली.

मग नऊ दिवस तिची शिकवणी सुरू झाली. रोवणी आटोपली होती, निंदण चालू होतं. बायजाबाईने पाणी शिकवलं ते बांधावर उभं करून, प्रत्येक वेळी उत्तर चुकलं की 'माय व, हे तं म्हशीलेबी समजते' असं म्हणत. पण शिकवलं मात्र पक्कं; चुना कधी टाकायचा आणि पाणी हिरवं किती चांगलं नि किती वाईट, ते जमुनाबाईला झोपेतही सांगता आलं असतं. पार्वताबाईचा धडा खाद्यावरून सुरू व्हायचा आणि तिच्या सुनेच्या स्वयंपाकावर संपायचा. मधला मधला वेचून घ्यावा लागला.

शेवटी ललिताबाई.

"रोग सांग व," जमुनाबाई म्हणाली.

"कोनता?"

"जो शिकली तो."

"रोग म्हंजे रोगच व," ललिताबाई तलावाकडे पाहून म्हणाली. तलावात नवीन काही नव्हतं.

"तुले दहापैकी दहा भेटले ना, दोन्ही हप्ते?" जमुनाबाईने विचारलं.

"भेटले ना. तथी तीनदा दाबाले येते. पयले हे दाबाचं, चुकलं तं ते दाबाचं. मंग उरलेलं. मी व्हिडिओ लावला होता जमुना, खरंच लावला होता. पण दिवसभर रोवणी करून आली मी, अन् तो सर असा काही गोड बोलते, का मले झोपच लागे."

म्हणजे चौघींत सगळ्यात जास्त गुण ज्या धड्याला होते, तो धडा कोणालाच येत नव्हता. बायजाबाई इतकी चिडली की तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

उरलेले चार दिवस जमुनाबाई बाजार करून आली की सरळ विहारात. हिंदी समजायची, पण या सरांची हिंदी नागपूरच्या हिंदीसारखी नव्हती. एकेक शब्द धुऊन, इस्त्री करून येई. प्रेरणाने व्हिडिओ हळू करून दिला, तेव्हा सर मोहाची दारू घेऊन आल्यासारखे बोलायला लागले. पण त्यातलं निम्मं तरी कळलं. नेट गेलं की सर तोंड उघडं ठेवून थांबत आणि जमुनाबाईही तशीच थांबे.

परीक्षेच्या दिवशी तिने नवं लुगडं नेसलं आणि डोक्यावर पदर घेतला. कॅमेऱ्याने चेहरा ओळखायला नकार दिला. पदर काढला, तेव्हा ओळखलं. "याले माया सासऱ्यापुढे उभं केलं पाह्यजे होतं," ती पुटपुटली. प्रश्न वाचून ती विचार करायला छताकडे पाही, की लगेच मोबाईलवर लाल अक्षरं येत, इकडेतिकडे पाहू नका. बाजारात आयुष्यभर वर पाहून आकडे जुळवलेल्या बाईला आता खाली पाहून डोकं चालवायचं होतं. पंधराव्या प्रश्नाला पुन्हा लाल अक्षरं आली, दुसरा चेहरा दिसत आहे. मागच्या खिडकीच्या गजांतून पार्वताबाई आत पाहत होती. प्रेरणाने बाहेर जाऊन तिघींना पार रस्त्यापलीकडच्या निंबाखाली नेऊन बसवलं.

निकाल बारा दिवसांनी आला. दर आठवड्याच्या प्रश्नांचे पंचवीसपैकी तेवीस. परीक्षेचे पंचाहत्तरपैकी एकोणतीस. एकूण बावन्न. पास व्हायला पन्नास लागत होते.

बायकांनी विहाराच्या अंगणात असा गलका केला की अभ्यासाला बसलेली पोरं पुस्तकं मिटून बाहेर आली. फक्त जमुनाबाई प्रेरणाजवळ बसून होती.

"या तेवीसातले माये किती बेटा? म्हंजे माया दोन हप्त्याचे."

प्रेरणाने पाहिलं. "सहा."

"मंग बावन्नातून सतरा गेले तं?"

"पस्तीस."

"म्हंजे नापास."

"मावशी, कागदावर तर पास आहे," प्रेरणा म्हणाली. पण तिने मान वर केली नाही.

धनीरामने तो कागद मोहाडीला नेऊन प्लॅस्टिकमध्ये पक्का करून आणला. वाटेत चार ठिकाणी तो वाचायला दिला. एका ठिकाणी उलटा.

आमसभा समाजमंदिरात भरली. पुरुष पुढे, बायका भिंतीला. खेमराजने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर तो प्रेमळ भाव आला, ज्याला ओळखणारी माणसं घाबरतात.

"ठराव म्हंजे ठराव," तो म्हणाला. "बोडी जमुनावहिनीले. पण कागदावर नाव एक हाये, तं बोडीवरबी नाव एकच. गट-बिट नाई. एकटीच्या नावानं लिवा, सचिव."

बायजाबाई, पार्वताबाई आणि ललिताबाई तिघींनीही जमुनाबाईकडे पाहिलं नाही. धनीराम मात्र पुढून मान वळवून सारखा खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

जमुनाबाई उठली.

"अध्यक्षसायेब, त्या कागदावर बावन्न लिवले हायेत. त्यातले सतरा माये नाईत. ते या तिघींचे हायेत. आम्ही चौघींनी मिळून एका नावानं कोर्स केला. तसं कराले नोको होतं, आम्हाले मालूम नव्हतं."

"मंग कागद खोटा हाये का?" कोणीतरी ओरडलं.

"कागद खरा हाये. मी पस्तीसची हाओ."

"पस्तीस म्हंजे नापास!" अनुप मागून म्हणाला, आणि सभेत हशा झाला.

"नापास तं नापास," जमुनाबाई म्हणाली. तिचा आवाज मात्र हलला नाही. बाजारात बसून बसून आवाजाला तेवढी सवय झालेली असते. "जानेवारीत कोर्स परत लागते. आम्ही चौघी वेगवेगळ्या नावानं बसतो. चार कागद आणतो. तोवर बोडी कोनालेच देऊ नका. एवढंच म्हणणं हाये."

"अन् बोडी रिकामी ठेवाची?" अनुप उभा राहिला. "त्यापरीस मले द्या."

पुढच्या रांगेत फकिरा मारबते बसला होता. वय सत्त्याहत्तर, जाळं विणण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही, आणि सभेत तो सहसा झोपलेला असतो. तो मागे न वळताच म्हणाला, "तुयापाशी पस्तीस तरी हायेत का रे?"

यावर जो हशा झाला, तो बाहेरच्या बस स्टॉपपर्यंत ऐकू गेला. अनुप बसला. खेमराजने दोनदा खाकरून पाहिलं, पण नियम त्याचाच होता आणि त्यातून पुतण्याला काढायला वाट नव्हती. सचिवाने लिहून घेतलं, बोडी पुढच्या आमसभेपर्यंत कोणाला देऊ नये. त्या वेळी सर्टिफिकेटवाल्या जितक्या, तितक्यांची नावं लावावीत. हात वर झाले. भिंतीजवळचेही मोजले गेले, हे सांगायला हवं, कारण एरवी सचिव फक्त पुढच्या रांगा मोजतो.

जमुनाबाईला वाटलं होतं, बाहेर आल्यावर सोबतिणी काहीतरी चांगलं बोलतील. बायजाबाईने तिला पायरीवरच गाठलं.

"काहून बोलली व? चूप बसली असती तं आज बीज सोडलं असतं बोडीत. नाव तुयं अन् वाटे चार, कोन पाहाले येत होतं? पूरा हंगाम गेला तुया तोंडापाई!"

"तुयं नाव कुठी होतं त्यात?"

"नावाले काय जाळते?" बायजाबाई म्हणाली आणि तरातरा निघून गेली. तिने जमुनाबाईशी बोलणं टाकलं. धनीरामही तीन दिवस गप्पच होता. चौथ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं, म्हणून त्याला बोलावं लागलं.

त्या हंगामात बोडीत बेशरमच वाढलं. बाहेरून गाडी आली, बीज अर्धं मेलेलं निघालं, आणि ज्याला त्याला जमुनाबाईची आठवण झाली. कोणी चांगली काढली, कोणी वाईट.

जानेवारीत प्रेरणाने चार नावं टाकली. पार्वताबाईने नवऱ्याच्या खिशातला मोबाईल काढला, ललिताबाईने भावाचा जुना आणला, आणि बायजाबाईने कोणाला न सांगता भंडाऱ्याला जाऊन स्वतःचा नवा घेतला. संध्याकाळी विहारात चौघी चार कोपऱ्यांत बसतात. ललिताबाईला रोगाच्या धड्याला अजून झोप येते. येते, पण आता ती उभी राहून बघते. बायजाबाईने पहिल्याच आठवड्याच्या प्रश्नांना पदराने मोबाईल असा झाकला, की जणू तिघी तिची उत्तरं चोरायलाच आल्या आहेत.

जमुनाबाईशी ती अजून बोलत नाही. एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ मध्येच अडकला. तिने दोनदा मोबाईल आपटला, मग शेजारच्या कोपऱ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "पार्वता, तिले विचार, सर थांबले तं काय कराचं?"

जमुनाबाई हाताच्या अंतरावर होती. तिनेही पार्वताबाईकडेच पाहिलं.

"तिले सांग, जरा थांब म्हणा. नेट येते अन् जाते."

पार्वताबाईने दोन्ही निरोप इमानाने इकडून तिकडे पोचवले आणि परत कोंडा नि ढेपेच्या गणिताला लागली.